सॅनेटोरियमचं सॅटनेरियम

आपण 'आधिव्याधी' एका दमात म्हणून टाकतो. आधी मनाची, व्याधी देहाची, दोघी शेजारणी. युरोपात हा शेजार जमायला १८१८ साल उजाडलं. लायप्झिगच्या योहान हाइनरोथ यांनी निद्रानाशाबद्दल लिहिताना मन आणि शरीर यांचे ग्रीक शब्द जोडले. तोच पुढे 'सायकोसोमॅटिक' झाला, आपल्याकडे मनोकायिक. शब्द मिळाला, पण अशा रुग्णांना हक्काची खाट मिळायला बराच काळ जायचा होता.

बाडेन-बाडेन हे गरम झऱ्यांचं गाव. तिथे १९०० साली डॉक्टर गेओर्ग ग्रोडेक यांनी पंधरा खाटांचं सॅनेटोरियम काढलं. त्यांचे गुरू श्वेनिंगर, जर्मन चान्सलर बिस्मार्कचं वजन उतरवणारे. त्यामुळे उपचारही त्याच वळणाचे. पथ्य, कढत पाण्याची स्नानं आणि डॉक्टरांनी स्वतः केलेलं जोरकस मालीश. मनोविश्लेषणावर त्यांनी १९१३च्या पुस्तकात टीकाच केली होती.

त्यांना मनाकडे वळवलं ते एका आजारी बाईने. तिच्या बोलण्यात शब्द मोजकेच. कपाटाला ती कपाट म्हणायची नाही, 'ती वस्तू' म्हणायची. डॉक्टर हुकूम सोडणारे. पण इथे हुकूम चालेना, तेव्हा तिची भाषा शिकणं आलं. हे पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मला वाटतं, मनोकायिक वॉर्डाचा पाया पडला तो इथे, झऱ्याच्या पाण्यात नव्हे.

१९१६ पासून दर बुधवारी ते रुग्णांसमोर व्याख्यान देऊ लागले. तीन वर्षांत ११५ व्याख्यानं झाली. ऐकणारे तेच, ज्यांचं पोट नाहीतर सांधे दुखत होते. १९१८ मध्ये घरचं नियतकालिक निघालं, नाव 'सॅटनेरियम'. सॅनेटोरियमात सैतान घुसवणारा हा विनोद रुग्णालयाच्या मालकानेच करावा, यातच त्या घराची हवा कळते.

पुढची पिढी शिस्तीची. एर्न्स्ट झिमेल यांनी १९२७ मध्ये बर्लिनमधल्या टेगेलला मनोविश्लेषणाचं रुग्णालय काढलं. जबड्याच्या कृत्रिम भागासाठी बर्लिनला येणारे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड तिथे उतरत. पैशाअभावी १९३१ मध्ये ते रुग्णालय बंद पडलं. न्यूरेंबर्गचा नाझी डॉक्टरांवरचा खटला जवळून पाहिलेल्या अलेक्झांडर मिचरलिश यांनी १९५० मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठात मनोकायिक विभाग उभारला.

इथवर प्रश्न एकच होता: दुखणं कुठून आलं? तो उलटा केला इस्रायलच्या समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्स्की यांनी. मध्य युरोपातून आलेल्या, पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचा ते अभ्यास करत होते. छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के मनाने ठणठणीत निघाल्या. बाकीच्यांत हे प्रमाण ५१ टक्के. कुणीही ५१कडून २९वर आलेली घसरण मोजली असती. त्यांनी विचारलं, या २९ टक्के सावरल्या कशा? १९७९च्या पुस्तकात त्यांनी या विचाराला 'सॅल्युटोजेनेसिस' म्हटलं: आरोग्याचा उगम शोधणं. आपल्यावर काय गुदरतंय ते उमगणं, ते पेलता येणं आणि त्यात काही अर्थ दिसणं, या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता.

आजच्या जर्मन मनोकायिक रुग्णालयात रुग्णाच्या हाती आठवड्याचं वेळापत्रक पडतं: गटात बोलणं, एकट्याने बोलणं, चित्रं, व्यायाम. काय बिघडलंय याच्या जोडीला काय शाबूत आहे, हेही विचारलं जातं. मात्र बोलायला एक माणूस, अंगाकडे पाहायला दुसरा. ग्रोडेक रुग्णाला रगडता रगडताच बोलतं करायचे.