शब्दांवाचून कीचकवध

फेब्रुवारी १९२०. पुण्यात मंडईजवळच्या ‘आर्यन’मध्ये तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. चित्रपट आहे ‘सैरंध्री’, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा. शेजारचे गृहस्थ मात्र त्याला ‘कीचकवध’च म्हणताहेत. खाडिलकरांचं ते नाटक त्यांनी १९०७ साली पाहिलंय. माजलेला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, गांजलेली द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ. आणि भीम कोण, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. सरकारलाही ते कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

अंधार होतो. खाडिलकरांचं सारं बळ संवादांत, आणि इथं तर पात्रांच्या तोंडून एक शब्द ऐकू येणार नाही! मधूनमधून पाटी येते. वाचता येणारे ती मोठ्यानं वाचतात, मागचे ‘काय म्हणाला?’ म्हणून विचारतात. खरं तर पाटीवाचून कुणाचंच अडत नाही. कथा घरोघरी पाठ आहे.

तुम्ही पात्रांच्या मागं बघा. सपाट रंगवलेला पडदा नाही, उभारलेला देखावा आहे. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून ज्यांनी नाव कमावलं, त्यांनीच पडद्याला रजा दिली, याचं मला फार कौतुक वाटतं. बायकांच्या कामांना बायकाच आहेत, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. लुगडं नेसलेल्या नटांना सरावलेली नजर जरा गोंधळतेच. हे सारं टिपणारा कॅमेराही विकतचा नाही. पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं तो कोल्हापुरातच घडवला.

आता भीम आणि कीचक भिडतात. बाळासाहेब यादव आणि झुंझारराव पवार. नाटकात संवाद जे पेटवत, ते इथं दोन धिप्पाड देहांच्या झटापटीवर सोपवलंय. कीचकाचा अंत इतका हुबेहूब उतरलाय की थिएटरात किंकाळ्या उठतात. शेजारच्या गृहस्थांच्या मुठी आवळलेल्या आहेत. नाटक बोललं म्हणून बंद पडलं. हा तर मुकाच आहे, पण त्यालाही कात्री लागणार आहे. वधाचं हे दृश्य पुढं कापावं लागेल. टिळक मात्र पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवतील.

तेव्हा आत्ताच नीट बघून घ्या. ‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही.