यंत्राचा दुभाष्या

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चिकोडी तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घरची भाषा एक आणि कचेरीची दुसरी, अशा मुलखात दुभाष्याचे मोल कोणास सांगावयास नको. त्याच दशकात यंत्रासही दुभाष्या लाभला. ग्रेस हॉपर या विदुषीने १९५२ साली ‘कंपायलर’चा पाया घातला, १९५७ साली ‘फोर्ट्रान’ भाषा आली. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे गणकयंत्र बसले. त्या काळी आज्ञा छिद्रित पत्त्यांवर उमटवीत. एक चिन्ह चुकले, तरी साऱ्या गठ्ठ्याचे श्रम वाया जात.

पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषा रचली. चिकोडीचा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही ती शिकतो. पहिला पाठ जगास नमस्कार करण्याचा. अर्धविराम राहिला की दुभाष्या अडून बसतो. तो कधीकधी खालच्या ओळीकडे बोट दाखवितो. चूक मात्र वरच्या ओळीत असते. शिवाय तक्रार इंग्रजीत! मराठी वा कानडी शाळेतून आलेल्या मुलाचा धीर येथेच खचतो. ती तक्रार शांतपणे वाचावयास जो शिकला, त्याने पहिली पायरी ओलांडली. दुसरी याहून अवघड आहे: व्याकरण बिनचूक असूनही हिशेब चुकतो, तेव्हा दुभाष्या गप्पच राहतो.