शाहू मोडकांचे उत्तम चित्रपट

गेल्या रामनवमीस आम्ही जांबेस गेलों होतों. समर्थ रामदासांची ही जन्मभूमि जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे, हें वाचकांस ठाऊकच असेल. आदल्या रात्रीच्या कीर्तनांत बुवांनीं समर्थांच्या मातृभेटीचें आख्यान लावलें होतें. लग्नमंडपांतून बाराव्या वर्षीं निघून गेलेला नारायण चोवीस वर्षांनीं घरीं येतो, दाराशीं उभा राहतो, आणि दृष्टि गेलेल्या राणूबाईंस तो ओळखूं येत नाहीं. कारण त्यांच्या मनांत अद्याप बारा वर्षांचाच मुलगा उभा आहे, अशी ती परंपरागत कथा. दुसऱ्या दिवशीं जन्मकाळाचा सोहळा आटोपला, सुंठवडा वांटला गेला, आणि उन्हें उतरेपर्यंत आम्ही कांहीं मंडळी मंडपाच्या सांवलींत बसलों. बोलणें आख्यानावरून संतांवरील बोलपटांकडे वळलें व तेथून शाहू मोडकांवर येऊन ठेपलें. जन्मभर शाळामास्तरी केलेले एक वृद्ध गृहस्थ निक्षून म्हणाले, "मोडकांचा उत्तम चित्रपट कोणता, हा प्रश्नच नाहीं. श्रीकृष्ण म्हणजे मोडक आणि मोडक म्हणजे श्रीकृष्ण. बाकीची सारी भरती!"

उत्सवाच्या दिवशीं वडीलधाऱ्यांशीं वाद घालूं नये, म्हणून आम्ही गप्प राहिलों. परंतु मनांत उत्तर घोळत राहिलें, तें येथें मांडण्याचा विचार आहे. ज्या नटास प्रेक्षकांनीं प्रथम बालपणींच पाहिलें आणि पाहतांक्षणींच डोक्यावर घेतलें, त्याच्या पुढील कामगिरीचें मोल कोणत्या मापानें करावयाचें, हा प्रश्न एकट्या मोडकांचा नाहीं. तो त्या मापाचाही आहे.

शाहू मोडक यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत झाला. 'आलम आरा'नें मार्च १९३१ मध्यें हिंदुस्थानच्या चित्रपटास वाचा दिली. पुढील वर्षीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नें मराठी बोलपट सुरू झाला. आणि त्याच १९३२ सालीं दादासाहेब तोरणे यांच्या पुण्याच्या सरस्वती सिनेटोननें भालजी पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखालीं 'श्यामसुंदर' काढला. त्यांतील बालकृष्ण म्हणजे चवदा वर्षांचे शाहू, आणि राधा म्हणजे त्यांच्याइतक्याच नवख्या शांता आपटे. मुंबईंत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला, व रौप्यमहोत्सव साजरा करणारा आपल्याकडील पहिला बोलपट म्हणून त्याची गणना होते. गाणारा मुलगा, हंसरा चेहरा, हातीं मुरली, आणि ज्या पडद्यास नुकतीच वाचा फुटली होती तो पडदा! लोक वेडावले यांत नवल नाहीं.

आपल्या संगीत रंगभूमीस गाणारा मुलगा नवा नव्हता. नाटकमंडळ्या गोड गळ्याचीं मुलें शोधीत हिंडत, व त्यांतून मोठे नट निपजले. परंतु त्या मुलांच्या आयुष्यांत एक घटका अटळ असे, ती आवाज फुटण्याची. काल ज्याच्या तानेवर थिएटर डोलत होतें, त्याच्या गळ्यांतून आज घोगरा स्वर निघूं लागे, आणि मंडळीचे मालक नवा मुलगा पाहूं लागत. नाटकांत निदान एवढी सोय होती कीं, जुना मुलगा प्रेक्षकांच्या केवळ स्मरणांत उरे. चित्रपटानें तीही सोय काढून घेतली. फीत जपली तर मुलगा मुलगाच राहतो, आणि वाढलेल्या माणसास स्वतःच्याच बालपणाशीं स्पर्धा करावी लागते.

पश्चिमेकडील दोन उदाहरणें येथें उपयोगी पडतील. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधील जॅकी कूगन हा जगाचा लाडका झाला. पण मोठेपणीं त्याला आढळून आलें कीं आपली कमाई आई व सावत्र बाप यांनीं उधळली आहे. १९३८ सालीं त्यानें त्यांच्यावर दावा लावला, आणि त्यांतूनच १९३९ मध्यें कॅलिफोर्नियांत बालनटांच्या मिळकतीच्या रक्षणाचा कायदा झाला. दुसरें उदाहरण शर्ली टेंपल हिचें. मंदीच्या काळांत सबंध अमेरिकेस हंसविणारी ही मुलगी १९५० सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, चित्रपटांतून निवृत्त झाली. कायद्यानें बालनटाचा पैसा राखतां येतो; प्रेक्षकांच्या मनांतून त्याची सुटका करणारा कायदा मात्र कोणत्याही देशानें केलेला नाहीं.

आतां मोडकांकडे वळूं. 'श्यामसुंदर'नंतर १९३३ सालीं सरस्वती सिनेटोनच्याच 'औट घटकेचा राजा'मध्यें त्यांनीं दुहेरी भूमिका केली. हिंदी बोलपटांचा व मराठी बोलपटांचा एकत्र विचार केला तरी ही अगदीं आरंभींच्या दुहेरी भूमिकांपैकीं एक होय. पुढें ते प्रभातमध्यें आले. १९३८ सालचा केशव नारायण काळे यांनीं दिग्दर्शित केलेला 'माझा मुलगा' हा त्यांचा तेथील चित्रपट. त्याच्या नांवांतच मुलगा आहे, परंतु पडद्यावर उभा आहे तो वीस वर्षांचा तरुण. हें वळण सुखरूप पार पडलें, आणि मोडकांच्या खऱ्या कसोटीचा काळ सुरू झाला.

ती कसोटी म्हणजे १९३९ चा 'माणूस'. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटास आम्ही मोडकांच्या कामगिरींत पहिलें स्थान देतों. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'देवदास'नें १९३५ पासून तरुणांच्या डोक्यांत प्रेमभंगानें झिजून मरण्याचें जें खूळ भरविलें होतें, त्यास हा चित्रपट म्हणजे पुण्यानें दिलेलें उत्तर. नायक गणपत हा साधा पोलीस शिपाई, बिल्ला नंबर २५५. धाडींत सांपडलेल्या मैना नांवाच्या वेश्येस तो वांचवितो, तिच्यावर जीव जडवितो, तिला आपल्या भाविक आईच्या घरीं नेतो. परंतु त्या घराच्या पावित्र्यापुढें मैनेला आपल्या पूर्वायुष्याचें ओझें पेलवत नाहीं. शेवटीं तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगांत जाते, आणि गणपत देवदासाच्या वाटेनें न जातां आपल्या कामावर परततो.

यावर कोणी म्हणेल, व पुष्कळ जण म्हणतातही, कीं 'माणूस' हा शांता हुबळीकरांचा चित्रपट आहे. मैनेचा अभिनय थोर आहे हें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. परंतु क्षणभर अशी कल्पना करावी कीं, गणपतच्या जागीं एखादा कसलेला, दुनिया पाहिलेला, भारदस्त नट उभा आहे. कथा त्याच क्षणीं कोसळेल. त्या शिपायानें मैनेस आईच्या घरीं नेणें हें मग धाडस तरी वाटेल किंवा ढोंग तरी. मोडकांच्या चेहऱ्यावर तें सहज वाटतें, कारण तो चेहरा अद्याप त्या चवदा वर्षांच्या मुलाचा आहे. अंगावर सरकारी पोषाख, आणि वर निष्पाप मुख. जगांत वाईट असें कांहीं असूं शकेल, हें या शिपायाला कायद्यानें ठाऊक आहे, अंतःकरणानें ठाऊक नाहीं. शांतारामांनीं बालनटाचें बालपण पुसून टाकलें नाहीं, त्याचें भांडवलही केलें नाहीं. त्यांनीं तें बालपण संकटांत लोटलें व पुढें काय होतें तें दाखविलें. ज्या माधुर्यावर प्रेक्षक सात वर्षें भुलले होते, तेंच येथें गणपतच्या दुःखाचें कारण होतें. एखाद्या नटाच्या लोकप्रिय गुणाची याहून कठोर व याहून प्रेमळ परीक्षा क्वचितच झाली असेल.

दुसरें स्थान आम्ही १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'ला देतों. बहुतेक रसिक तें पहिलें मानतील, म्हणून कारण सांगितलें पाहिजे. दामले-फत्तेलाल यांचें दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांचें लेखन व केशवराव भोळे यांचें संगीत अशी ही तयारी. याच दिग्दर्शकांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'ला १९३७ सालीं व्हेनिस येथें मान मिळाला होता. परंतु तुकारामांच्या शेजारीं जिजाई आहे; तिच्या तोंडून संसार बोलतो, आणि संताचें संतपण त्या बोलण्याच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतें. ज्ञानेश्वरांच्या शेजारीं अशी कोणी नाहीं. क्रोध नाहीं, मोह नाहीं, संशय नाहीं. नटानें धरावें तरी कशास? ती उणीव भरून काढण्यास चमत्कार आले. पैठणास रेडा वेद बोलतो, वाघावर बसून चांगदेव येतो, आणि भिंत चालूं लागते. त्या काळाच्या मानानें हीं दृश्यें कौशल्याचीं आहेत, पण तीं नटास बाजूला सारतात. मोडकांचा विजय असा कीं, भिंत चालत असतांना ते स्वतः त्या चमत्काराचे प्रेक्षक होत नाहींत. चालणें हा जणूं भिंतीचा धर्मच आहे, अशा शांतपणें ते बसलेले दिसतात.

या चित्रपटांत एक योग असा आहे कीं त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बाल ज्ञानेश्वर मोडकांनीं केलेला नाहीं; तें काम मास्टर यशवंत या दुसऱ्या बालनटानें केलें आहे. म्हणजे एका बालनटाच्या हातून भूमिका घेऊन दुसरा, मोठा झालेला बालनट ती समाधीपर्यंत नेतो. ज्ञानेश्वर अवघे एकवीस वर्षें जगले. मोडक त्या वेळीं बाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. ज्या वयांत शर्ली टेंपलनें पडद्याचा निरोप घेतला, त्याच वयांत आमच्या या नटास आयुष्यांतील थोर भूमिका लाभली. हा फरक गुणाचा नव्हे, परंपरेचा आहे, असें आम्हांस वाटतें. हॉलिवुडला मूल हवें होतें तें मूल म्हणूनच. आमच्या संतपरंपरेंत मात्र लहान वयाचा जीव हा अपुरा मानला जात नाहीं. सोळाव्या वर्षाच्या आंत 'भावार्थदीपिका' सांगणाऱ्यास ती 'माउली' म्हणते, आणि बाराव्या वर्षीं घर सोडणाऱ्यास पुढें 'समर्थ' म्हणते. कोवळ्या चेहऱ्यावर प्रौढ प्रज्ञा पाहण्याची संवय आमच्या प्रेक्षकांस कीर्तनानें आधींच लावली होती.

तसेंच मोडकांच्या धर्माविषयीं. ख्रिस्ती घरांतील मुलानें कृष्ण व्हावें, ज्ञानेश्वर व्हावें, आणि वारकऱ्यांनीं त्याच्यापुढें हात जोडावे, याचें परप्रांतीयांस आश्चर्य वाटतें. नगरच्या मातीस तें वाटूं नये. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तें नेवासें त्याच जिल्ह्यांत, आणि अभंग व ओवी यांच्या वाटेनें ख्रिस्तभक्ति मराठींत आणणारे रेव्हरंड ना. वा. टिळक यांचीही ती कर्मभूमि. त्या गांवच्या मुलास ज्ञानेश्वर परके कोठून असणार?

तिसरें स्थान विजय भट्ट यांच्या १९४२ च्या 'भरत मिलाप'चें. प्रेम अदीब यांचा राम, शोभना समर्थ यांची सीता, दुर्गा खोटे यांची कैकेयी, आणि मोडकांचा भरत. मागितलें नसतां मिळालेलें राज्य ज्यास विषासमान वाटतें, त्या धाकट्या भावाचें काम त्यांनीं केलें आहे. आपल्यासाठीं दुसऱ्यानें केलेल्या अपराधाची लाज बाळगणें, ही अवघड भावना त्यांच्या सौम्य चेहऱ्यास शोभून दिसते.

मग श्रीकृष्णाचें काय? मोडकांनीं कृष्णाची भूमिका पंचवीसांहून अधिक वेळां केली असें सांगतात. त्यांतील कांहीं चित्रपट आम्हीं पाहिले आहेत. ते पाहतांना मन प्रसन्न होतें हें नाकारण्याचें कारण नाहीं. १९५७ सालच्या हिंदी 'नरसी भगत'मध्यें त्यांनीं देवाऐवजीं भक्ताचें काम केलें, तें या ओघांत वेगळें उठून दिसतें. परंतु पुढील कृष्णांत आम्हांस नट कमी व मूर्ति अधिक दिसते. मुकुट तोच, स्मित तेंच, हात उंचावण्याची लकबही तीच. पौराणिक चित्रपट काढणारांस मोडक नको होते. त्यांस १९३२ चा तो मुलगा हवा होता, आणि तो सांपडत नसल्यामुळें ते त्याच्या मोठ्या भावास बोलावीत होते. याचा दोष एकट्या निर्मात्यांवर टाकतां येणार नाहीं. तिकीट आपणच काढलें. ज्यानें गणपत शिपाई उभा केला, त्याच्याकडून आणखी चार गणपत मागण्याची बुद्धि आपल्याला झाली नाहीं. मोडक ११ मे १९९३ रोजीं निवर्तले. वृत्त ऐकतांच आमच्या घरच्या वडील मंडळींच्या तोंडून निघालें तें "कृष्ण गेला" असें. त्यांत प्रेम होतें, याविषयीं शंका नाहीं. पण "गणपत गेला" असें कोणी म्हटलें नाहीं, याचें आम्हांस आज वाईट वाटतें.

जांबेहून निघतांना ते वृद्ध मास्तर आम्हांस मोटारीपर्यंत पोंचवावयास आले. वाटेंत आम्हीं भीत भीत आपलें मत सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "लहानपणीं आमच्या आजीनें 'कृष्ण पाहावयास चल' म्हणून बोटाला धरून नेलें होतें हो. तेव्हांपासून दुसरें कांहीं दिसलेंच नाहीं." मोटार सुरू झाली तेव्हां आम्हांस आदल्या रात्रींच्या कीर्तनांतील राणूबाई आठवल्या. त्यांनीं अखेर मुलास ओळखलें, अशीच ती कथा आहे. पण त्यासाठीं दाराशीं आलेल्या जटाधारी पुरुषास जवळ घेऊन त्यांस हातांनीं चांचपून पाहावें लागलें. मोडकांचा 'माणूस' आपण तसा एकदां जवळ घेऊन पाहावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.