परसांतील कोंबडीचें कुळ

बीड जिल्ह्यांत परसांत चरणाऱ्या कोंबडीची जात विचारली, तर ‘गावरान’ एवढेंच उत्तर मिळतें. लाल कंधारी गाय व उस्मानाबादी शेळी यांस मुलखाचें नांव लाभलें; कोंबडीस तें लाभलें नाहीं.

तथापि तिचें कुळ प्राचीन आहे. पाळीव कोंबड्या लाल रानकोंबड्यापासून निपजल्या, असें डार्विननें १८६८ सालीं प्रतिपादिलें. २००८ सालीं आनुवंशिक संशोधनानें त्यास पुरवणी जोडली: त्यांच्या पिवळ्या कातडीचा व पायांचा गुण करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. हा पक्षी सह्याद्रीच्या रानांत आजहि आरवतो. परंतु तो गुण परदेशी जातींतहि पसरला असल्यानें केवळ पिवळ्या पायांवरून गावरानपण ठरत नाहीं.

पिसांचा रंगहि फसवा. हैदराबादेंत वनराजा व बंगळुरास गिरिराजा हे सुधारलेले वाण परसासाठींच सिद्ध झाले; त्यांचींहि पिसें रंगीत. खरी पारख पुढें होते. गावरान कोंबडी खुडूक होऊन अंडीं उबविते व पिलें सांभाळते. वनराजांत हा गुण जवळजवळ उरलेला नाहीं.

दोहोंचा संकर झाला कीं ही खूणहि पुसट होते. मग पुरावा उरतो तो घरांतील वृद्ध बायकांच्या स्मरणांत: कोणती तलंग कोणाच्या घरून आली, तिनें किती वेळां पिलें काढलीं. घोड्याच्या वंशाची चौकशी आपण आस्थेनें करीत आलों. ही मौखिक वंशावळ लिहून ठेवणें हेंहि इतिहासाचेंच काम होय. नोंद होण्यापूर्वीं जातच मिसळून गेली, तर शोधावयास कांहीं उरणार नाहीं.