शिवडीचा तरुण संघ

शिवडी म्हटलं की आजच्या पोरांना खाडीतले रोहित पक्षी आठवतात, नाहीतर अटल सेतू. आमच्या पिढीला गिरणीचा भोंगा आठवतो. पण भोंग्याच्याही कितीतरी आधी शिवडीत झाडं लावायचा मोठा उद्योग झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८३५ साली इंग्रज सरकारनं तिथली ऐसपैस जागा शेती आणि बागाईतीचं काम करणाऱ्या एका संस्थेला दिली. देशोदेशीची झाडं इथल्या मातीत रुजतात का, हे बघायचा बेत होता. पुढं सरकारला तीच जागा गोऱ्या लोकांच्या दफनभूमीसाठी हवी झाली. मग बाग उचलून भायखळ्याला नेली आणि १८६२ साली ती लोकांना खुली झाली. तीच आपली राणीची बाग. शिवडीत राहिली ती ख्रिस्ती दफनभूमी. बोरीबंदर स्टेशनाचा नकाशा काढणारे स्टीव्हन्स साहेब १९०० साली वारले, ते इथंच आहेत. आणि पुढं त्याच मातीत नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातून पोटासाठी आलेली आमची माणसंही गेली.

आमची माणसं शिवडीला कशी पोचली, ते सांगतो. अमेरिकन मिशनरी पहिल्यांदा मुंबईत आले १८१३ साली आणि नगरला आले १८३१ साली. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. गावकुसाबाहेरच्या आमच्या लोकांना पाटीवर अक्षर काढायला मिळालं ते तिथं. माझा पणजा महारवाड्यातला, येसकरीची काठी वाहणारा. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, त्याच्या घरात दोन पोरं जगली आणि ती मिशनच्या शाळेत वाढली. तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. धर्म बदलला तरी जमीन तीच राहिली, वतनातली चार एकर कोरडवाहू. बाजरी, तूर, कपाशी. पाऊस झाला तर पीक, नाहीतर मुंबई.

मुंबईत कापूस आणि माणूस दोन्ही एकाच बाजूला उतरायचे. १९१० साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंत रेल्वे झाली. १९२० नंतर कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडी-माझगावच्या भरणीवर आला. शिवडीच्या पुढच्या स्टेशनाला कॉटन ग्रीन म्हणतात ते त्यावरूनच. आसपास गिरण्या, गोद्या, गोदामं. माझे मामा तिथं एका गिरणीत साच्यावर होते. मी दहावी झालो आणि १९७८ साली त्यांच्याकडं गेलो. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा जण. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच चटईवर आडवे. मला बदलीचं काम मिळालं. सकाळी दारावर उभं राहायचं, बोलावलं तर आत, नाहीतर परत.

तिथं आमचा एक तरुण संघ होता. रविवारी दुपारी चाळीच्या गच्चीवर, नाहीतर कुणाच्या तरी खोलीत जमायचो. पंधरा-वीस पोरं, सगळी गिरणीतली नाहीतर गोदीतली. आम्हाला सांभाळायला एक तरुण पाळकसाहेब होते. वय असेल तिशीच्या आतबाहेर. तेही नगरकडचेच. अंगात पांढरा सदरा, पायात चपला, खांद्याला झोळी. प्रवचन लांब नसायचं, कारण रातपाळी करून आलेली पोरं बसल्याजागी पेंगायची. त्यांनी आम्हाला एकेक शंभर पानी वही घ्यायला लावली. दर रविवारी तीन प्रश्नांची उत्तरं त्यात लिहायची. या आठवड्यात कुणाचं देणं फेडलं? कुणाशी बोलणं बंद आहे? आपल्या मजल्यावर कोण आजारी आहे?

पहिल्यांदा आम्ही हसलो. एक जण म्हणाला, "पाळकसाहेब, हे काय शास्त्रातलं आहे होय?" ते म्हणाले, "शास्त्र मी वाचून दाखवतो. उत्तर तुझ्या खोलीत आहे, ते तू लिही."

तेही स्वतःची वही ठेवायचे आणि त्यातलं आम्हाला वाचून दाखवायचे. एकदा त्यांनी वाचलं होतं, की चाळीच्या नळावर सकाळी भांडण झालं, मी बादली पुढं सरकवली, आणि दुपारी प्रार्थनेला बसलो तर तीच बादली डोळ्यासमोर येत राहिली. संध्याकाळी त्या बाईंकडं जाऊन त्यांनी "ताई, माझं चुकलं" म्हटलं आणि मग त्यांना भाकर गोड लागली. असं काही पाळकानं आपल्याबद्दल सांगावं, हे आम्ही ऐकलं नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तरं भरपूर असायची. गिरणीतला कापसाचा धुरळा छातीत बसायचा, दाटीवाटीत क्षय पसरायचा. शिवडीचं क्षयरोगाचं इस्पितळ जवळच. वहीत नाव लिहिलं की त्या आठवड्यात त्या माणसाला भेटून यायचं, अंडी किंवा मोसंबी घेऊन. नाव हिंदूचं असो, मुसलमानाचं असो. मजल्यावरचा माणूस म्हणजे आपला.

पाळकसाहेब हे सगळं आपल्या डोक्यातून काढलं असं म्हणायचे नाहीत. ते नारायण वामन टिळकांचं नाव घ्यायचे. टिळकांना बाकीचा महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. आम्ही त्यांना ओळखतो ते उपासनेत गायच्या गीतांमुळं. आमच्या आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टिळकांची कितीतरी भजनं पाठ होती. जात्यावर बसली की म्हणायची.

टिळकांची हकिगत पाळकसाहेबांनी आम्हाला दोन-तीन रविवार सांगितली. पुढं मी स्वतः वाचली. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. संस्कृत शिकलेले, कविता करणारे, एका जागी न टिकणारे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा माणूस भेटला. बोलणं झालं आणि त्यानं त्यांना नवा करार दिला. ते पुस्तक त्यांनी सोडलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा वय तेहतीस.

इथवर सगळे सांगतात. आमचे पाळकसाहेब थांबायचे ते पुढच्या भागावर. बाप्तिस्म्यानं घर मोडलं. लक्ष्मीबाई आपल्या मुलाला घेऊन नातलगांत राहिल्या, चार-पाच वर्षं ताटातूट. पुढं त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं तसंच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. बाईंचं सोवळं पायरीपायरीनं सुटलं आणि १९०० साली राहुरीत त्यांनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. १९३४ पासून ते भागाभागानं छापून आलं. नवऱ्याच्या धांदरटपणाला त्यांनी जागोजाग चिमटे काढलेत. हाती पैसा आला की कुणालातरी देऊन मोकळा होणारा नवरा आणि चूल कशी पेटवायची या काळजीतली बायको, असा तो संसार. पाळकसाहेब म्हणायचे, "टिळकांचा विश्वास बघायचा असेल तर भजनं वाचा. त्या विश्वासाची किंमत कुणी भरली हे बघायचं असेल तर लक्ष्मीबाई वाचा. दोन्ही वाचल्याशिवाय एकही कळत नाही."

टिळकांच्या आधीही मराठीत असं लिहिणारे होते. बेळगावचे बाबा पदमनजी जातीनं कासार, १८५४ साली ख्रिस्ती झाले. पुढं त्यांनीही पाळकाचं काम केलं. 'यमुनापर्यटन' ही त्यांची कादंबरी १८५७ ची, मराठीतली पहिलीच म्हणतात, आणि विषय विधवांच्या हालांचा. आपल्या तरुणपणी मनाची कशी घालमेल झाली ते त्यांनी १८८८ च्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सांगितलं. पण पदमनजींच्या पुस्तकात जुनं सोडून बाहेर पडलेला माणूस जास्त दिसतो. टिळक बाहेर पडताना तुकोबांना बरोबर घेऊन निघाले. अभंग, ओवी, कीर्तन, टाळ, सगळं त्यांनी मंडळीत आणलं. तोवर साहेबी चालीवर तोंड वाकडं करून गाणारी आमची माणसं आपल्या चालीत गाऊ लागली. माझ्या आज्जीला भजनं पाठ झाली ती यामुळं. कागदावर राहिली असती तर तिच्यापर्यंत कशी पोचणार?

तरुण पोरांचं टिळकांच्या घरी कायम येणंजाणं. १९०७ साली जळगावात कविसंमेलन झालं. तिथं त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोरानं सगळ्यांना चकित केलं आणि तो बालकवी झाला. हे बालकवी पुढं नगरला टिळकांच्या घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्या घरानं तशी अटही घातली नाही. आम्हा पोरांना ही गोष्ट फार आवडायची. शेवटी १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सारखेच बसणार होते. तो फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईतच वारले. आपला देह पुरू नये, दहन करावा, अशी त्यांची इच्छा होती. शिवडीच्या दफनभूमीत आमच्या कुणाला ठेवताना गाणं मात्र त्यांचंच असायचं.

या सगळ्या बोलण्याची परीक्षा झाली १९८२ साली. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली. अडीच लाख कामगार बाहेर. पहिला महिना उत्साहात गेला. चौथ्या महिन्यात भांडी विकायला निघाली. खानावळवाल्या मावशी हिशेबाची वही मिटून म्हणायच्या, "जेव बाबा, बघू पुढं." आमच्या संघातला एक बाविशीचा पोरगा, घरी दोन बहिणी लग्नाच्या, एका रविवारी भर सभेत उठला. म्हणाला, "पाळकसाहेब, चार महिने गुडघे टेकतोय. प्रार्थनेनं गिरणी सुरू होणार का? सांगा हो किंवा नाही."

कुणी काही बोलेना. पाळकसाहेब म्हणाले, "मला ठाऊक नाही. होणार म्हणून सांगितलं तर खोटं होईल. पण रोजची भाकर मागताना आपण 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणतो. तेवढं मात्र आपल्या हातात आहे." मग त्यांनी वहीतले प्रश्न बदलले. देण्याचा प्रश्न काढून टाकला, कारण फेडायला कुणाकडं काही नव्हतंच. त्या जागी लिहायला लावलं, कुणाच्या खोलीत आज चूल पेटली नाही?

त्या प्रश्नावर काम सुरू झालं. ज्याचं गाव जवळ तो गावी जाऊन धान्य आणायचा. आमच्या घरून बापानं दोन पोती बाजरी एसटीच्या टपावर टाकून पाठवली. तीही घरच्या खाण्यातली. कोकणातल्या पोरांनी तांदूळ आणला. गणपती मंडळाच्या पोरांनी आपली खोली धान्य ठेवायला दिली आणि वाटायला तेच पुढं. आमच्यातला एक आणि मंडळातला एक अशी जोडी करून रात्री अंधार पडल्यावर द्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला खाली बघावं लागू नये. त्या पोराच्या घरीही पोचलं. त्यानंतर तो सभेला आला की नाही, हे कुणी मोजलं नाही.

संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो विरत गेला. पुष्कळांना गिरणीनं परत घेतलं नाही. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला, कुणी दारूत गेला. मी १९८३ च्या मिरगाच्या आधी गावी आलो आणि नांगर धरला. पाळकसाहेबांची पुढं बदली झाली. त्यांची वही छापली गेली नाही, छापावी असं त्यांनाही वाटलं नसेल.

आता गावात आमच्या देवळात तरुण संघ आहे. पोरांकडं मोबाईल आहे, गिटार आहे, मोठा स्पीकर आहे. गातात छान. मला त्याचं वाईट वाटत नाही, टिळकांनीही त्यांच्या काळात नवं वाजवलंच होतं. पण कांद्याचा भाव पडतो, सोसायटीची नोटीस येते, आणि एखादा शेतकरी चार दिवस घराबाहेर पडत नाही. तेव्हा रविवारच्या गाण्याला सोमवारी पाय फुटले पाहिजेत. गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही ते तीन प्रश्न इथं चालू केलेत. एक प्रश्न बदललाय. मजल्याऐवजी आळी, आणि कोण आजारी आहे याबरोबर कोण गप्प झालाय हेही लिहायचं. मागल्या उन्हाळ्यात अशाच एका गप्प झालेल्या माणसाचं नाव दोन पोरांनी एकाच दिवशी लिहिलं. तो आमच्या मंडळीतला नव्हे, वरच्या आळीतला. पोरं त्याच्या वस्तीवर गेली, रात्र काढली, आणि सकाळी त्याच्या भावाला बोलावून आणलं. यंदा त्यानं पुन्हा कपाशी लावली आहे.