‘गरिबी’ या शब्दाआड

दलित कर्तबगारांची चरित्रे, गौरवग्रंथ आणि शालेय धडे चाळले तर त्यांचा आरंभ ठरावीक शब्दांत सांगितलेला आढळतो : ‘अत्यंत गरीब कुटुंबात जन्म’, ‘शून्यातून विश्व’, ‘चिखलात उमललेले कमळ’. हे शब्द वरकरणी गौरवाचे आहेत. परंतु ‘गरिबी’ म्हटले की दोष नशिबाकडे जातो, ‘शून्य’ म्हटले की आधीच्या पिढ्या पुसल्या जातात आणि ‘चिखल’ म्हटले की मागे राहिलेला सगळा समाज घाण ठरतो. अस्पृश्यता लादणारा मात्र या तिन्ही शब्दांत कुठेच दिसत नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत त्यांचा जन्म झाला. आजोबा मालोजी लष्करात होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. पुढे मुंबईच्या चाळीत या कुटुंबाने हलाखी सोसली हे खरे. पण अक्षर त्या घरात आधीच आले होते. याच लष्करी पेशातून आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1888 साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्मशास्त्राला जाब विचारला होता. आणि 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. मिळवलेले हिरावून घेतले जात असताना झालेल्या या आरंभाला ‘शून्य’ कसे म्हणावे?

1901 सालचा प्रसंग बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. स्टेशन मास्तरला ती आधी स्पृश्यांची मुले वाटली. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. वाटेत पाणी मिळाले नाही. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते 1917 साली बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हाही तेच घडले. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि साऱ्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. दोन्ही वेळा पैसा होता, दुसऱ्या वेळी पदव्याही होत्या. ‘गरिबी’ या शब्दाने यातले काय स्पष्ट होते?

आपल्या परंपरेने या आरंभाला निराळी नावे दिली आहेत. 1855 साली जोतिरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. मांगमहारांना गरीब तीही म्हणते. पण त्यांना जमिनींवरून कोणी हुसकले आणि तेथे इमारती कोणी बांधल्या, हेही सांगते. तिचे दुःख अनेकवचनी आहे आणि त्याला कर्ता आहे.

सव्वाशे वर्षांनी आत्मकथनांनी हेच काम शीर्षकातून केले. दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) आणि शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (1981) ही शीर्षके गावगाड्याने जन्मासोबत गळ्यात बांधलेल्या कामाचे नाव घेतात. लक्ष्मण मानेंचा ‘उपरा’ (1980) कुणाच्याच गावात न मावणाऱ्याचा आरंभ सांगतो. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’ (1984) ही शिवीच शीर्षक केली. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’मागे (1987) गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे, तो 1952 साली रद्द झाला, शिक्का मात्र राहिला. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (1986) म्हणताना ‘माझं’ म्हटले नाही. यांतल्या कोणीही ‘सामान्य घरातून आलो’ असे म्हणून सुटका करून घेतलेली नाही.

विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी कुणाचे चरित्र लिहिताना तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला खाली कोणी ठेवले? त्याच्या आधी घरात, वस्तीत कोण झगडले? तो पुढे गेल्यावर अडसर संपला की फक्त बदलला? या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर ‘गरीब’ हा शब्द खुशाल वापरावा. ती टाळून लिहिलेल्या गौरवाचा उपयोग व्यवस्थेलाच होतो. तिला दाखवायला एक यशस्वी माणूस मिळतो आणि इतरांना सांगायला एक वाक्य : तो पुढे गेला, मग तुम्हांला काय झाले?