परके यान आणि दहावे लेणे

१९८२ साली इन्फोकॉम कंपनीने ‘स्टारक्रॉस’ हा संगणकीय साहसखेळ आणला. चित्र एकही नाही, सारे शब्दांत. कृष्णविवरांच्या शोधात निघालेल्या खेळाडूला अवाढव्य परके यान गवसते आणि तो आत शिरतो.

या खेळप्रकाराचे मूळ मात्र अंतराळात नाही. विल क्राउदरने १९७०च्या दशकात रचलेला आद्य साहसखेळ केंटकीतील मॅमथ गुहेवर बेतलेला होता.

आपल्या जिल्ह्यात असा प्रवेश प्रत्यक्ष घडला. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरला. इसवी सनापूर्वीचे ते चैत्यगृह! आणि या गृहस्थाने केले काय, तर तिथल्या चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. खेळात चूक झाली तर मागे जाता येते. तो ओरखडा आजही तिथेच आहे.

याला ‘शोध’ म्हणावे का? लेण्यांजवळच्या गावाचे नावच लेणापूर आहे. परके यान होते ते स्मिथपुरते.

पुढे १८४४पासून रॉबर्ट गिलने या चित्रांच्या प्रतिकृती काढण्यात वर्षे घालवली. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. ती कथा पुढच्या धाग्यात.